म्हसवड परिसरातील नदीकाठ व कालवाकाठच्या पायवाटा

म्हसवड परिसरातील नदीकाठ व कालवाकाठच्या पायवाटा म्हणजे महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील माण तालुका आणि त्याला लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका यांतील, माण नदीच्या काठाने, राजेवाडी तलावाच्या कडेने आणि कालव्यांच्या भरावावरून जाणाऱ्या सपाट वाटा होत. या वाटा कोणत्याही शासकीय विभागाने पदभ्रमणासाठी आखलेल्या नाहीत. त्यांवर दिशादर्शक फलक किंवा विश्रामस्थानेही नाहीत. शेतकरी, मेंढपाळ, पाटकरी, शाळकरी मुले आणि यात्रेकरू यांच्या रोजच्या वापरातून त्या रुळल्या आहेत. दुष्काळी माणदेशात पाणी जसजसे आणले, अडवले आणि वळवले गेले, तसतशा या वाटा निर्माण झाल्या, सरकल्या किंवा नाहीशा झाल्या. त्यामुळे त्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या प्रदेशातील पाण्याचाच इतिहास आहे.

== संज्ञा ==

कृत्रिम जलमार्गासाठी मराठीत 'पाट' हा जुना शब्द आहे. 'पाटबंधारे' हा शासकीय शब्द 'पाट' आणि 'बंधारा' यांच्या जोडणीतून झाला आहे. मोठ्या पाटाला लिखित मराठीत 'कालवा' म्हणतात, तर बोलण्यात 'कॅनॉल' हा शब्द सर्रास वापरला जातो. कालवा खोदताना निघालेली माती कडेला टाकून जो बांध तयार होतो, त्याला 'भराव' म्हणतात. त्याच्या माथ्यावरील, देखभालीची वाहने जाण्यासाठी ठेवलेल्या रस्त्याला 'सेवा रस्ता' किंवा 'निरीक्षण पथ' अशी नावे आहेत. मुख्य कालव्यातून निघणाऱ्या लहान शाखांना वितरिका आणि शेतापर्यंत पोहोचणाऱ्या सर्वांत लहान पाटांना चारी म्हणतात. कालव्यातून ठरावीक काळाने सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या फेरीला 'आवर्तन' किंवा 'पाळी' असे म्हणतात.

युरोपातील कालव्यांच्या काठी आढळणाऱ्या वाटा मूळच्या वेगळ्या कारणासाठी होत्या. तेथे मालवाहू नौका काठावरून चालणारे घोडे दोराने ओढत असत आणि त्या घोड्यांसाठी पाण्यालगत सलग वाट राखलेली असे. रेल्वे आणि मोटारींमुळे ही वाहतूक संपल्यावर त्या वाटा चालणाऱ्यांच्या उपयोगी आल्या. भारतात १८५४ मध्ये सुरू झालेला गंगा कालवा सिंचनाबरोबर नौकानयनाचाही विचार करून बांधलेला होता. दख्खनच्या पठारावरील कालवे मात्र मुख्यतः सिंचनासाठी काढले गेले. ते अरुंद व उथळ असतात, दोन आवर्तनांच्या मधल्या काळात कोरडे पडतात आणि जागोजागी दरवाजे व पायऱ्यांसारखे प्रपात यांनी तोडलेले असतात. त्यामुळे येथे नौका ओढण्याची वाट कधीच नव्हती. येथील भरावावरची वाट पाण्यावर देखरेख करणाऱ्यासाठी केलेली आहे.

== भौगोलिक पार्श्वभूमी ==

माण नदी माण तालुक्याच्या वायव्य भागातील कुळकजाईजवळच्या डोंगरांत उगम पावते. लोकव्यवहारात तिला 'माणगंगा' म्हणतात आणि तिच्या खोऱ्याला 'माणदेश' हे नाव तिच्यावरूनच मिळाले आहे. आंधळी, दहिवडी, गोंदवले या गावांच्या परिसरातून ती म्हसवडला येते. तेथून पुढे आटपाडी, सांगोला व मंगळवेढा या तालुक्यांतून वाहत जाऊन ती भीमेला मिळते. खोऱ्याच्या उत्तरेला महादेव डोंगररांग असून ती माण आणि नीरा या नद्यांची खोरी विभागते. शिखर शिंगणापूर हे तीर्थक्षेत्र याच रांगेवर आहे.

हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर येथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या म्हसवडच्या भागात तो साधारणपणे ५०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. तोही मुख्यत्वे परतीच्या पावसाच्या काही दिवसांत पडतो. परिणामी माण नदी वर्षाचा मोठा काळ कोरडी असते. अशा नदीला काठाप्रमाणेच पात्रातूनही वाट असते. पावसाळा सरल्यावर गाडीवाट, गुरांची वाट आणि पायवाट यांपैकी काही सरळ वाळूतूनच जात असत.

== दुष्काळ, तलाव आणि कालवा ==

म्हसवडच्या खालच्या बाजूस माण नदीवर राजेवाडी येथे मातीचे मोठे धरण आहे. धरणाचे गाव आटपाडी तालुक्यात, म्हणजे आज सांगली जिल्ह्यात येते. फुगवट्याचे पाणी माण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात पसरते. कालव्याच्या लाभक्षेत्रात आटपाडीबरोबरच सोलापूर जिल्ह्यातील सांगोला तालुक्यातील गावेही आहेत. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत या जलाशयाचा उल्लेख 'म्हसवड तलाव' असा येतो, तर स्थानिक लोक त्याला राजेवाडी तलाव म्हणतात. तलाव बांधला गेला तेव्हा आटपाडीचा भाग औंध संस्थानात होता.

हा तलाव १८७६ ते १८७८ या काळातील भीषण दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आला. त्या काळी मुंबई इलाख्यातील सरकारचे धोरण असे होते, की गावोगावच्या किरकोळ कामांपेक्षा घरापासून दूर असलेल्या मोठ्या कामांवर मजुरांना पाठवावे. त्यामुळे उपाशी माणसांना मजुरीसाठी आधी मैलोगणती पायपीट करावी लागे. अपुऱ्या मजुरीविरुद्ध १८७७ मध्ये दख्खनमधील अनेक दुष्काळी कामांवरील मजुरांनी काम नाकारले आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. धरणाचा बांध आणि कालव्याचा भराव ही त्या काळातील टोपलीने वाहिलेली माती आहे. आज ज्या भरावावरून सहज चालता येते, तो अशा श्रमातून उभा राहिलेला आहे.

खटाव तालुक्यातील नेर आणि मायणी येथील तलावही इंग्रजी अमदानीतीलच आहेत. पुढे १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, रस्ते आणि खडी फोडण्याची कामे निघाली. त्या अनुभवातून पुढे आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. गावाबाहेर पाझर तलावाच्या बांधावरून जाणाऱ्या अनेक वाटा त्या वर्षांतील आहेत.

== कालव्याची वाट सपाट का असते ==

कालव्यातील पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. उतार जास्त ठेवला तर माती खरवडली जाते आणि पाणी लवकर खाली उतरल्यामुळे भिजणारे क्षेत्र घटते. उतार फारच कमी ठेवला तर गाळ साचतो. म्हणून मुख्य कालव्याचा उतार बहुधा काही हजार मीटरांना एक मीटर इतका सौम्य ठेवतात. पाच हजारास एक असा उतार धरला, तर भरावावरून पाच किलोमीटर चालणारा माणूस फक्त एक मीटर खाली उतरतो. हा फरक पायांना जाणवत नाही.

हा उतार सांभाळण्यासाठी कालवा समान उंचीच्या रेषेने टेकड्यांना वळसे घालत जातो. दोन गावांमधील गाडीरस्ता दोन किलोमीटरचा असेल, तर कालव्याच्या काठाने तेच अंतर त्याहून बरेच जास्त भरू शकते. चढ टाळण्याची किंमत अंतराने मोजावी लागते. ओढा आडवा आला की कालवा जलसेतूवरून, मोरीवरून किंवा ओढ्याच्या तळाखालच्या नळातून पलीकडे जातो. अशा ठिकाणी सेवा रस्ता कधी बांधकामावरून सलग जातो, तर कधी तुटून ओढ्यात उतरतो. भरावाच्या कडेला ठरावीक अंतरावर साखळी क्रमांकाचे दगड असतात. ते कालव्याच्या मुखापासूनचे अंतर दाखवतात. पाटकऱ्याला फुटलेली जागा किंवा चोरून घेतलेले पाणी कळवण्यासाठी हेच क्रमांक उपयोगी पडतात आणि चालणाऱ्यालाही त्यांवरून अंतराचा अंदाज येतो.

कालव्याच्या दोन बाजूंचा देखावाही वेगवेगळा असतो. पाणी फक्त कालव्याच्या खालच्या बाजूच्या शेतांना मिळू शकते. त्यामुळे भरावावरून चालताना एका हाताला ऊस, मका, कडवळ किंवा डाळिंबाच्या बागा आणि दुसऱ्या हाताला कुसळी गवताचे माळ, बोरी-बाभळी व घायपात असे दृश्य दिसते. भिजणारी आणि न भिजणारी जमीन यांची सीमा येथे नकाशाशिवाय वाचता येते.

== नदीकाठ आणि गाळपेर ==

नदीकाठची वाट कालव्याच्या वाटेइतकी सलग नसते. काठावरील गाळाच्या सुपीक जमिनीला 'मळई' म्हणतात. ही जमीन पूर्वीपासून लागवडीखाली असल्याने वाट शेतांच्या बांधांवरून, विहिरींच्या कडेने आणि ओघळी चुकवत जाते. काठावर करंज, निंब, बाभूळ आणि अलीकडे फोफावलेली वेडी बाभूळ आढळते. वेडी बाभळीच्या काटेरी जाळ्यांमुळे काही ठिकाणी जुन्या वाटा बुजल्या आहेत.

म्हसवडजवळ नदी, गाव आणि देवस्थान यांचा संबंध निकटचा आहे. येथील सिद्धनाथ मंदिर हे अनेक घराण्यांचे कुलदैवत असून सिद्धनाथ व जोगेश्वरी यांचा रथोत्सव मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला होतो. यात्रेच्या काळात नदीकाठचा परिसर भाविकांनी गजबजलेला असतो. नदीला पाणी असणे किंवा नसणे यावर त्या दिवसांत माणसांच्या वहिवाटीची जागा ठरते.

तलावाची कड हा तिसरा प्रकार होय. जलाशयाची पाणीपातळी उतरू लागली की बुडीत जमीन उघडी पडते. या ओलसर गाळात घेतल्या जाणाऱ्या पिकांना आणि त्या जमिनीला 'गाळपेर' म्हणतात. पाणी जसे मागे हटते तशी गाळपेराची पट्टी आणि तिच्या कडेची वाट दोन्ही खाली सरकतात. तलाव भरला की दोन्ही बुडतात. त्यामुळे ही वाट कोणत्याही नकाशात दाखवता येत नाही. ज्या वर्षी ती फार लांबपर्यंत चालता येते, ते वर्ष पाण्याच्या दृष्टीने वाईट समजावे लागते. हिवाळ्यात उथळ पाण्यात स्थलांतरित पक्षी उतरतात. जवळच्या मायणी तलावाची ख्याती अशा पक्ष्यांमुळेच आहे.

== वाटांचे वापरकर्ते ==

या वाटांवर सर्वाधिक वर्दळ कामानिमित्त होते. शेतकरी मोटार चालू करण्यासाठी किंवा पाळीचे पाणी धरण्यासाठी रात्री-अपरात्री भरावावरून जातात. स्त्रिया वैरणीचे भारे याच वाटेने आणतात, कारण डोक्यावर ओझे असताना चढउतार नसलेली वाट लांबची असली तरी सोयीची पडते. वाडीवस्तीवरची मुले शाळेत जाताना चिखलाच्या पाणंदीपेक्षा भरावाचा उंच, कोरडा माथा पसंत करतात.

धनगर समाजातील मेंढपाळांसाठी नदीकाठ आणि कालव्याची कड यांचे महत्त्व वेगळे आहे. माणदेश मेंढपाळीसाठी प्रसिद्ध असून म्हसवडची घोंगडी पूर्वीपासून ओळखली जाते. चारा संपला की कळप पाण्याच्या आणि कापणी झालेल्या रानांच्या शोधात पायी स्थलांतर करतात. त्यांना पाण्यालगत चालता येणे हा जगण्याचा प्रश्न असतो. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) आणि 'बनगरवाडी' (१९५५) या पुस्तकांमुळे माणदेशातील पायी चालणारे हे जग मराठी वाचकांना परिचित झाले.

== कृष्णाकाठाशी तुलना ==

याच दोन जिल्ह्यांतील कृष्णा नदीचा काठ माणकाठापेक्षा फार वेगळा आहे. कृष्णा बारमाही असून तिच्या काठी वाई, संगम माहुली, कऱ्हाड आणि औदुंबर येथे दगडी घाट व देवालये आहेत. कऱ्हाडला कोयना आणि कृष्णा यांचा प्रीतिसंगम आहे. कऱ्हाडजवळच्या खोडशी येथील बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा १८६० च्या दशकातील असून तो सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात जातो. त्याच्या भरावावरची वाट उसाच्या पट्ट्यातून जाते.

कृष्णाकाठी अडचण पाण्याच्या अभावाची नसून आधिक्याची आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगली जिल्ह्यातील काठची गावे व रस्ते पाण्याखाली गेले. काळी चिकण जमीन पावसाळ्यात चालण्यास अयोग्य होते. सांगली जिल्ह्यातील कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर असल्याने पाण्याच्या अगदी कडेने चालणे धोक्याचे असते. माणकाठी वाट कोरड्या ऋतूत पात्रात उतरते, तर कृष्णाकाठी ती पाण्यापासून दूर, उंचावर राहते.

== हक्क आणि कायदा ==

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० नुसार सार्वजनिक रस्ते व वाटा, नद्या-नाल्यांची पात्रे, तलाव आणि कालवे हे, दुसऱ्या कोणाची मालकी सिद्ध नसल्यास, राज्य शासनाची मालमत्ता होत. मात्र नदीचे पात्र शासनाचे असले तरी काठालगतची जमीन बहुधा खाजगी असते. काठाने सलग चालण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्याने दिलेला नाही.

गावच्या नकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. अशी नोंद असलेली वाट नांगरून बंद करता येत नाही. नोंद नसलेल्या वाटेच्या बाबतीत वहिवाट सिद्ध करावी लागते. शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून जाण्याचा मार्ग हवा असल्यास जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे मागणी करता येते. चालू वहिवाटीच्या रस्त्याला अडथळा केल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. या तरतुदी मुख्यतः शेतात जाण्या-येण्यासाठी आहेत.

कालव्याचा सेवा रस्ता पाटबंधारे खात्याच्या ताब्यात असतो. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ नुसार मनाई केल्यानंतरही कालव्याच्या भरावावरून नियमबाह्य रीतीने जनावरे किंवा वाहने नेणे हा अपराध आहे. कालव्याला नुकसान होत नाही तोवर पायी जाणाऱ्यांना सहसा कोणी अडवत नाही. ही मोकळीक रूढीने चालत आलेली आहे. तिला हक्काचे स्वरूप नाही.

== बदलते पाणी, बदलत्या वाटा ==

विसाव्या शतकाच्या अखेरीस कृष्णेचे पाणी उपसा योजनांद्वारे दुष्काळी तालुक्यांना मिळावे यासाठी मोठे आंदोलन उभे राहिले. सातारा, सांगली व सोलापूर जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आटपाडी येथे १९९३ पासून भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर हे तिचे प्रमुख नेते होते. कऱ्हाड तालुक्यातील टेंभू येथून उचललेले कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत, तर जिहे-कठापूर योजनेचे पाणी नेर तलावामार्गे बोगद्यातून आंधळी धरणात आणि तेथून माण नदीच्या खोऱ्यात पोहोचते. उरमोडी प्रकल्पाचे पाणीही खटाव व माण तालुक्यांस मिळते. त्यामुळे पूर्वी कोरड्या असणाऱ्या काही ओढ्यांत व नदीच्या पात्रात पाणी दिसू लागले आणि पात्रातून जाणाऱ्या वाटा त्या काळापुरत्या बंद होऊ लागल्या.

याहून मोठा बदल वितरणाच्या पद्धतीत झाला. टेंभू योजनेत आटपाडी तालुक्यासाठी उघड्या वितरिकांऐवजी जमिनीखालील बंदिस्त नलिकांची प्रणाली स्वीकारण्यात आली. उघड्या पाटातून पाझर व बाष्पीभवन यांमुळे बरेच पाणी वाया जाते आणि पाटासाठी शेतकऱ्यांची जमीन कायमची संपादित करावी लागते. नलिकेमुळे पाणी वाचते आणि वरची जमीन पुन्हा कसता येते. समन्यायी वाटपाच्या दृष्टीने ही पद्धत लाभदायक आहे. मात्र नलिकेला भराव नसतो आणि म्हणून तिच्यावरून वाटही निघत नाही. ज्या शेतात शेजारच्या चारीच्या कडेने जाता येत असे, तेथे जाण्यासाठी आता पुन्हा बांधावरच्या वाटेचा प्रश्न उभा राहतो. राजेवाडीसारखे जुने उघडे कालवे म्हणूनच केवळ सिंचनाची साधने राहत नाहीत. ते परिसरातील सर्वाधिक लांबीचे सपाट, सलग व विनाअडथळा पायमार्गही ठरतात.

नदीपात्रात वाळूच्या उपशामुळेही बदल झाला आहे. वाळू पावसाचे पाणी धरून ठेवते आणि तिच्यात हातभर खोल झिरा खणला तरी पाणी लागत असे. वाळू गेल्यावर मुरूम आणि खडक उघडे पडतात, खोल खड्डे राहतात आणि पात्रातून चालणे अवघड होते.

== ऋतू आणि सुरक्षितता ==

या वाटांवर चालण्यास कार्तिक ते माघ हा काळ सर्वाधिक अनुकूल असतो. त्या वेळी हवा थंड, जमीन कोरडी आणि ज्वारीची पिके उभी असतात. चैत्रापासून भरावावर सावली जवळजवळ नसते. त्यामुळे लोक पहाटे किंवा सायंकाळीच ये-जा करतात. अस्तरीकरण केलेल्या कालव्याची तिरपी काँक्रीटची बाजू शेवाळामुळे निसरडी होते. आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही तिच्यावरून वर येणे कठीण जाते. आवर्तन सुटल्यावर कोरड्या कालव्यात अचानक पाणी येत असल्याने तळातून चालणे टाळले जाते. तलावाच्या कडेचा गाळ वरून सुकलेला दिसला तरी आतून मऊ असतो, आणि त्यात माणूस किंवा जनावर रुतू शकते. गाळाच्या या कडेने जाताना स्थानिक लोक जनावरांच्या ताज्या खुरांच्या वाटेवरूनच चालतात.